ऐंशी फेऱ्यांचा निवाडा

मंगळवार, २४ मार्च १९०८, सकाळचे साडेसात. जुन्नरच्या पेठेतल्या आपल्या अरुंद दुकानात बदरुद्दीन घड्याळजी कर्ण्याच्या ग्रामोफोनच्या, पेठेच्या भाषेत फोनूच्या, पोटात हात घालून बसला होता. रविवारचा बाजार उठता उठता यंत्राची कमान तुटली होती. कमान, म्हणजे चावी दिली की पेटीत गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी, टोकाशी तुटली तर घड्याळजीला ते मोठं काम नाही. टोक तापवून मऊ करायचं, नवं भोक पाडायचं, पट्टी पुन्हा आकड्यात अडकवायची. तेवढं त्यानं सोमवारीच केलं होतं. मात्र कमान बाहेर काढताना यंत्राची चाल ठरवणारा स्क्रू सोडवावा लागला, आणि त्यासाठी त्यावरची लाख फोडावी लागली. ती लाख तीन वर्षांपूर्वी त्यानंच ओतली होती, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत.

यंत्र जुळलं. स्क्रू अजून सैल होता. तो पिळून मिनिटाला ऐंशी फेऱ्यांवर आणायचा आणि पुन्हा लाखेचा टिपका द्यायचा, एवढंच राहिलं होतं. त्याआधी यंत्र धड फिरतंय का ते बघायला त्यानं नेहमीची तबकडी चढवली. नेहमीची म्हणजे खराब झाली तरी हळहळ वाटणार नाही अशी. सुयांचा नवा डबा आला की तो याच तबकडीवर सुया घासून बघे. तबकडी होती अवसरी बुद्रुकच्या गोजरबाईची. होडीछाप कंपनीची, लावणी.

तबकडी हळू फिरायला लागली. चाल वाढवायला बदरुद्दीनचा हात स्क्रूकडे गेला आणि तिथंच थांबला.

कर्ण्यातून एक बाई गात होती. आवाज रुंद, जरा खालच्या पट्टीतला, तळाशी किंचित खरखरीत. ओळीचा शेवटचा शब्द ती हातात धरून ठेवत होती आणि आता सुटली, असं वाटेपर्यंत वाट बघून समेवर येत होती. मागची ढोलकी ढोलकीसारखी वाजत होती. घाई कुठंच नव्हती. वर्षभर ज्या तबकडीवर त्यानं सुया घासल्या, त्या तबकडीवर हे गाणं होतं.

आतल्या पडद्याआडून त्याच्या बायकोनं, जोहराबीनं विचारलं, "ये कौन गाती है?"

"गोजरबाई. अवसरीची."

मग ती म्हणाली, "वोच? तुमीच बोले थे ना, भागती है करके?"

बदरुद्दीननं सुई उचलली.

तो कागदी घराण्यातला. आजोबा आणि वडील हातकागद करत. गिरणीचा कागद आला तसे कागदाचे हौद कोरडे पडले आणि बदरुद्दीन पुण्याला जाऊन घड्याळं दुरुस्त करायला शिकला. परत आला तेव्हा कंदील, घड्याळं आणि चष्म्याच्या काड्या असं दुकान त्यानं मांडलं. पुढं एका एजंटानं फोनू दिला आणि तबकड्या धाडायला सुरुवात केली. दर रविवारी दहाच्या सुमाराला तो यंत्र दुकानाच्या फळीवर आणून ठेवी, आठवड्यात आलेल्या नव्या तबकड्या एकेक करून लावी आणि प्रत्येकीवर आपलं मत देई. नाटकाची पदं, बैठकीच्या ठुमऱ्या, कव्वाली, कीर्तन, लावणी, पलटणीचा बँड, कोंबड्या-कुत्र्यांच्या नकला, जे येईल ते. घरी फोनू असलेली माणसं जुन्नर आणि आंबेगाव मिळून मोजकीच होती. ऐकायला मात्र आणे गावच्या पठारावरचे बैलगाडीवाले, तांदूळ घेऊन उतरलेले डोंगरातले लोक, पेठेतले दुकानदार, सगळेच उभे राहत. निम्मे गाण्यासाठी येत, निम्मे मतासाठी.

मत थोडक्यात असे. एका गाजलेल्या नटाच्या पदावर तो म्हणाला होता, "गडी गात न्हाई, पदाला पाठकुळी घेऊन घाट चढतोय." बँडच्या तबकडीवर म्हणाला, "वाजलाय झकास. पण राव, घरी ऐका. मगाशी दोन बैलं दावं तोडून गेली." मुंबईच्या एका बाईनं ठुमरी संपवून, त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे, शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगितलं होतं. बदरुद्दीन म्हणाला, "नाव बी सुरात सांगती. डोळे मिटून घ्या." लोकांनी घेतली. एजंटही पुढच्या खेपेला काय धाडायचं ते त्याच्या शब्दावर ठरवू लागला. त्याचं बोलणं रविवारी बाजारातून निघे आणि बुधवारपर्यंत मंचरला पोचलेलं असे.

या शब्दाला वजन आलं होतं ते लाखेमुळं. पहिल्याच वर्षी दोन नटांच्या भक्तांत भांडण झालं. एक बाजू म्हणे, आमच्या गड्याच्या वेळी घड्याळजीनं स्क्रू पिळला आणि त्याला ठेचकाळायला लावलं. दुसरी बाजू म्हणे, तुमचा गडी मुळातच लंगडा. बदरुद्दीनला ते लागलं. पुढच्या रविवारी त्यानं तबकडीखाली कागदाचा कपटा लावून, घड्याळ समोर धरून, फेरे मोजून घेतले. ऐंशी भरले तेव्हा मेणबत्तीवर लाख वितळवून स्क्रूवर ओतली. "आता माझ्या बी हातात काय राहिलं न्हाई," तो म्हणाला. "राजा असो न्हाईतर गोंधळी, सगळ्यांना एकच चाल." बाजाराला ते फार पटलं. वजनकाट्यावर सरकारी छाप असतो तसा फोनूवर हा छाप झाला.

होडीछाप कंपनी नवी होती. तिच्या तबकड्या ऐंशी फेऱ्यांसाठी भरलेल्याच नव्हत्या, कितीतरी सावकाश फिरवायच्या होत्या. ते ना तबकडीवर लिहिलं होतं, ना एजंटाला ठाऊक होतं. सावकाश भरलेलं गाणं भरधाव फिरवलं की आवाज चढतो, पातळ होतो आणि गाणारा धावत सुटतो.

गोजरबाईची तबकडी १९०६ सालच्या दिवाळीनंतर आली. बदरुद्दीननं तिला कधी ऐकलं नव्हतं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, तमाशाच्या कनातीत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. पण आंबेगाव तालुक्यातली बाई तबकडीवर आली याचं लोकांना अप्रूप होतं आणि त्या रविवारी फळीपुढं रस्ता बंद झाला होता. सुई टेकली. कर्ण्यातून चिरका, पोरीसारखा आवाज तीरासारखा सुटला. ढोलकी पत्र्याचा डबा बडवल्यासारखी. लोकांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग सगळ्यांनी बदरुद्दीनकडं बघितलं.

"बाई गात न्हाई," तो म्हणाला. "बाजार उठायच्या आत घरी पोचायचंय, म्हणून पळती."

हशा असा पिकला की समोरचा भांड्यांचा व्यापारी आपली फळी सोडून बघायला आला. गर्दीत एक उंच माणूस मात्र हसत नव्हता. तो पुढं झाला. गोजरबाईचा भाऊ सावळेराम, तिच्यामागं ढोलकी वाजवणारा.

"ही माझी भन न्हाई," तो म्हणाला. "पलेट तिची, आवाज तिचा न्हाई. आन ढोलकी तर माझीच हाय. तिचा डबा कुनी केला?"

"यंत्र खोटं बोलत न्हाई, पावणं. ही लाख बघा. हाय का न्हाई जागेवर?"

"लाख ऱ्हाऊ द्या. कान हायेत का जागेवर?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ढोलकीवाला बी तिच्याबरं पळत व्हता!" पुन्हा हशा. सावळेराम गर्दीतून बाहेर पडला आणि बदरुद्दीननं पुढची तबकडी चढवली.

मंगळवारी सकाळी, सुई उचलून बसलेल्या बदरुद्दीनच्या डोक्यात तबकडीचा वेग फारसा नव्हता. चुकीचं माप माणसाच्या हातून होतं. त्याला आठवत होता तो क्षण, जेव्हा ढोलकी डब्यासारखी वाजली होती आणि त्याला वाटलं होतं, ढोलकी अशी वाजत नाही. वाटलं होतं हे नक्की. त्यानंतर सावळेराम तेच बोलला होता. घड्याळ पुढं पळतंय हे ज्याला नुसत्या टिकटिकीवरून कळतं, त्याला ते कळायला हवं होतं, आणि थोडं कळलंही होतं. पण तोवर लोक हसले होते, आणि तो हशा त्याला सोडवला नव्हता.

पुढचं सगळं जुन्नरला माहीत होतं, त्यालाही. 'पळती गोजरा' हे नाव त्याच आठवड्यात मंचरला पोचलं. माघात एका जत्रेत ती गायला उभी राहिली तर पोरांनी "धरा धरा, पळाली" म्हणून आरडाओरडा केला. फडाचा मालक गेणभाऊ, त्यानं तिला पुढून काढून मागं साथीला उभं केलं. तिच्या बाकीच्या तबकड्या बदरुद्दीननं पुण्याला परत धाडल्या. तिकडं न खपलेल्या तबकड्या फोडून वितळवतात असं त्यानं ऐकलं होतं. एजंटानं सांगितलं होतं की कंपनीनं त्या बाईला परत बोलावलं नाही. एक तबकडी त्यानं ठेवून घेतली, सुया घासायला.

त्या दुपारी त्यानं होडीछाप सगळ्या तबकड्या काढून सैल स्क्रूवर लावून बघितल्या. एक कीर्तनकार बुवा, ज्यांना त्यानं 'देव गाठायची फार घाई' असं म्हटलं होतं, ते शांत, भरदार निघाले. एक कव्वाल, ज्याच्या चपळाईचं त्यानं तोंड भरून कौतुक केलं होतं, तो जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा निघाला. ती कव्वाली पेठेतल्या वजीरशेटनी त्याच्या शब्दावर घेतली होती आणि मुलाच्या लग्नात मांडवात वाजवली होती. जोहराबी पडद्याआडून हे सगळं ऐकत होती. कव्वाली संपल्यावर ती म्हणाली, "वजीरशेट को भी बोलना पडेगा."

"बोलूंगा," बदरुद्दीन म्हणाला. "पहले गोजरबाई को."

बुधवारी सकाळी त्यानं फोनू गवतात बांधला, कर्णा वेगळा पोत्यात घातला आणि टांगा केला. रात्र नारायणगावात काढून गुरुवारी तो अवसरीला पोचला. गावाच्या कडेला दोन खणांचं घर. सावळेराम दारातच म्हशीला पाणी दाखवत होता. टांग्यातला कर्णा त्यानं पोत्यातूनही ओळखला.

"या घड्याळजी, या. निवाडा करायला आला का? घरात आता म्हसच ऱ्हायली. तिचा करा. लई पळती."

"सावळेरामभाऊ, तुमी बरोबर व्हता," बदरुद्दीन म्हणाला. "त्या दिवशी."

सावळेरामनं बादली खाली ठेवली. ओसरीवर गोजरबाई हरभरा पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"काय म्हनतोय त्यो?" तिनं भावाला विचारलं.

"म्हनतोय, मी बरोबर व्हतो."

"मग सांग त्याला, ते आमाला म्हायती हाय."

बदरुद्दीननं यंत्र ओसरीवर मांडलं. रस्त्यात त्यानं पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. त्यातलं काही कामाला आलं नाही. यंत्राची चाल, कंपनीची चाल, लाख हे सगळं त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाला, "खरी चाल किती, ते मला नक्की कळत न्हाई. मी अदमासानं लावतो. ढोलकी तुमची हाय. तुमी सांगा."

सावळेरामनं बहिणीकडं बघितलं. ती पाखडतच होती. तो आत गेला, ढोलकी घेऊन आला, गोजरबाईच्या नेहमीच्या सुराला ती ठोकून-आवळून मिळवली आणि मांडीवर घेऊन बसला. बदरुद्दीननं सुई टेकली. तबकडीतली ढोलकी वाजली, सावळेरामनं थाप दिली. दोन थापा जुळल्या नाहीत.

"चढा हाय. उतरवा."

बदरुद्दीननं स्क्रू फिरवला.

"आनखी. आनखी जरा. आता लई उतरलं, परत या."

दर खेपेला सुई पुन्हा सुरुवातीला ठेवून तीन-चार वेळा असं झालं. मग एका थापेला दोन्ही ढोलक्या एक झाल्या, सावळेरामचा हात वर राहिला आणि त्याच वेळी गाणं सुरू झालं. सूप थांबलं.

गोजरबाईनं आपली तबकडी बाजारात वाजल्याचं नुसतं ऐकलं होतं. स्वतःचा आवाज तिनं बाहेरून कधी ऐकला नव्हता. ती गाणं संपेपर्यंत जमिनीकडं बघत राहिली. शेवटी तबकडीतली गोजरबाई आपलं नाव आणि गाव सांगून गप्प झाली, तेव्हा तिनं मान वर केली.

"ही मागं तळल्यावानी चरचर कशाची?"

यंत्र जुनं झालं, तबकडीच वाईट निघाली, प्रवासात धूळ बसली. बदरुद्दीनला यातलं कुठलंही उत्तर देता आलं असतं आणि ओसरीवर ते खोडून काढणारं कुणी नव्हतं.

"मी हिच्यावर सुया घासून बघायचो," तो म्हणाला. "वरीसभर. खपायची न्हाई म्हनून."

"म्हंजी माझ्या गळ्यावर."

"व्हय."

"आन ती जाती का, चरचर?"

"न्हाई. वाजवली की आनखी वाढती."

सावळेराम काही बोलणार होता, तिनं हातानं थांबवलं. "बरं झालं खरं सांगितलं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात बरं झाल्याचं काही नव्हतं. "आता मला सांगून काय उपेग, भाई? मी कुटं म्हनले व्हते, मी पळती? हितं ओसरीवर माझ्या म्होरं मान खाली घालायला तुमाला सोपं हाय. हसवलं कुटं? तिथं लावा."

"लावीन. रविवारी."

"गेणभाऊ रविवारी जुन्नरलाच असतो," सावळेराम म्हणाला. "पाडव्यानंतरच्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथंच ठरत्यात. म्होरं कोन हुबं ऱ्हाणार, ते बी तिथंच. ह्यो रईवार गेला तर समदी जत्रा गेली."

"तुमी बी चला, बाई," बदरुद्दीन म्हणाला. "टांगा धाडतो."

"मी न्हाई येणार. मी आले तर लोक मला बघत्याल, आन तुमी माझ्यासाठी बोललात असं व्हईल. पलेट लावा. तिला त्वांड हाय. तुमी फकस्त सांगा, आदी कोन पळत व्हतं."

त्यानं यंत्र गवतात बांधलं. कुणी पाणी विचारलं नाही. टांग्यात बसताना सावळेराम जवळ आला आणि कर्ण्याचं पोतं हलणार नाही असं नीट कोंबून परत गेला.

शुक्रवारी परत येताना नारायणगावच्या मशिदीत जुम्म्याची नमाज झाल्यावर बदरुद्दीन बराच वेळ बसून राहिला. बाजारात काय होईल ते त्याला दिसत होतं. एक निवाडा चुकला म्हटलं की लोक विचारणार, बाकीचे? वजीरशेट विचारणार. नटांचे भक्त तर लाख फुटल्याचंच बोलतील. त्याच्या मतासाठी दोन्ही तालुक्यांतून माणसं थांबत होती, ती पुढल्या रविवारी थांबतील का, हे सांगता येत नव्हतं. हे सगळं तो मोजत बसला आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण अजून आपलंच मोजतोय. अवसरीच्या ओसरीवरची बाई काय मोजत असेल, ते त्यात कुठंच नव्हतं. त्याला आपली लाज वाटली. तो उठला.

शनिवारी सकाळी तो आधी वजीरशेटकडं गेला. वजीरशेट गादीवर रेलून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आमच्या मांडवात कव्वाल पळत होता?"

"जी."

"मला तेव्हाच वाटलं होतं, पाहुणे जेवायला एवढी घाई का करतायत." ते हसले, पण कव्वाली परत घ्यायला लावली. तशी माणसं आणखी निघतील हे बदरुद्दीननं गृहीत धरलं.

दुपारी त्यानं दुकानात बसून कानशीनं स्क्रूशेजारच्या पितळी पट्टीवर दोन खुणा पाडल्या. एक बाकीच्या छापांसाठी, एक होडीछापसाठी. दुसरी खूण सावळेरामच्या थापेनं ठरलेली. लाखेची कांडी त्यानं फळीवरून उचलून जोहराबीकडं दिली. पत्रं बंद करायला तिला ती लागत असे. मग सुयांच्या डबीतून त्यानं एक कोरी सुई निवडली, बोटावर टोचून बघितली आणि वेगळी ठेवली. तिची परीक्षा त्यानं कुठल्याच तबकडीवर घेतली नाही.

संध्याकाळी समोरचा भांड्यांचा व्यापारी फळी लावता लावता डोकावला. "काय घड्याळजी, कमान झाली का? उद्या नवीन काय?"

"नवीन काय न्हाई. जुनंच लावनार हाय."

"कुनाचं?"

"गोजरबाईचं."

"पळती गोजरा?" तो हसला.

"पळत मी व्हतो," बदरुद्दीन म्हणाला.

व्यापाऱ्याला ते कळलं नाही. तो हसत राहिला, मग हसू आवरून आपल्या फळीकडं गेला.

उद्या रविवार, २९ मार्च, पाडव्याआधीचा जुन्नरचा शेवटचा बाजार. गेणभाऊ नऊच्या सुमाराला येतो आणि सुपाऱ्या ठरवायला बदरुद्दीनच्या फळीसमोरच्या पारावर बसतो. पहिली तबकडी दहाला लागते.